ऑस्ट्रेलियातल्या जीपी क्लिनिकमध्ये नव्याने रुजू होताय? गुणवत्तेचे कोणते कागद कायद्याने झाकलेले असतात आणि कोणते उघडे

भारतातून आलेला डॉक्टर इथल्या जीपी (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे फॅमिली डॉक्टर) क्लिनिकमध्ये रुजू झाला की काही दिवसांतच त्याला टीम मीटिंगला बसावं लागतं. कुणी सांगतं, चुकीच्या बाळाला लस टोचली जाणार होती, नर्सने जन्मतारीख विचारली म्हणून वाचलो. कुणी सांगतं, एक रिपोर्ट आठवडाभर कुणी पाहिलाच नव्हता. प्रॅक्टिस मॅनेजर हे सगळं शांतपणे टाइप करत असते. नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो. १९९५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, आणि 'चुकीबद्दल लेखी काही ठेवू नका' हा सल्ला आपल्याकडे सीनियरकडून ज्युनिअरकडे आपोआप जातो. मग तो विचारतो, उद्या हे वकिलाच्या हाती लागलं तर? उत्तर बहुतेक वेळा असं मिळतं: 'डोंट वरी, हे ॲक्रेडिटेशनसाठी आहे, कॉन्फिडेन्शियल असतं.'

या उत्तरावर विसंबू नका. ॲक्रेडिटेशन, म्हणजे ठरलेल्या निकषांवर क्लिनिक तपासून दिलेली मान्यता, असलं म्हणून क्लिनिकच्या अंतर्गत कागदांना आपोआप कायद्याचं संरक्षण मिळत नाही. काही कागदांना ते मिळतं, पण वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या अटींवर. तरीही नोंदी ठेवायच्याच असतात. कोणती गोष्ट कुठे आणि कशी लिहायची, एवढं कळलं की भीतीचं फारसं कारण उरत नाही. हा लेख नवीन डॉक्टर, नर्स आणि मॅनेजरसाठी आहे. तुमच्या प्रत्यक्ष प्रकरणात सल्ला मात्र तुमच्या इन्शुरन्सवाल्यांचाच घ्या.

पहिली पायरी: कोण काय करतं ते समजून घ्या

निकष लिहिते 'आरएसीजीपी', म्हणजे रॉयल ऑस्ट्रेलियन कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स. त्यांच्या स्टँडर्ड्सची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये आली. त्यात तीन भाग आहेत: कोअर, क्वालिटी इम्प्रूव्हमेंट आणि जनरल प्रॅक्टिस. तपासणी कॉलेज करत नाही, ती एजीपीएएल किंवा क्यूपीएसारख्या मान्यताप्राप्त संस्था करतात. १ जानेवारी २०१७ पासून हे सगळं राष्ट्रीय योजनेखाली चालतं आणि त्याचा समन्वय ऑस्ट्रेलियन कमिशन ऑन सेफ्टी अँड क्वालिटी इन हेल्थ केअरकडे आहे. चक्र तीन वर्षांचं असतं.

ॲक्रेडिटेशन कायद्याने सक्तीचं नाही. पण ते नसेल तर प्रॅक्टिस इन्सेंटिव्ह प्रोग्रॅमचे, म्हणजे 'पीआयपी'चे, पैसे मिळत नाहीत, म्हणून बहुतेक क्लिनिक ते घेतात. ऑगस्ट २०१९ पासून त्यात गुणवत्ता सुधारणेचा भत्ता आला, तो तिमाहीला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर. मालकाचा या विषयातला उत्साह कधीकधी या आकड्यातून येतो. त्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं.

आता कायद्याच्या बाजूचं. भिंतीवरचं ॲक्रेडिटेशनचं प्रमाणपत्र कोर्टात ढाल म्हणून चालत नाही. तुमच्या हातून निष्काळजीपणा झाला की नाही हे त्या दिवशी त्या रुग्णाबाबत काय घडलं यावर ठरतं. उलट, समोरचा वकील त्याच स्टँडर्ड्सचं पुस्तक उघडून विचारू शकतो की तुमच्याच कॉलेजने रिपोर्टचा पाठपुरावा करायला सांगितलंय, तो कुठे आहे?

दुसरी पायरी: 'क्वालिफाइड प्रिव्हिलेज' म्हणजे काय, आणि तुम्हाला ते आहे का

गुणवत्तेच्या कामात कळलेली माहिती गुप्त ठेवणाऱ्या कायदेशीर संरक्षणाला 'क्वालिफाइड प्रिव्हिलेज' म्हणतात. देशपातळीवरचं खरं संरक्षण हेल्थ इन्शुरन्स ॲक्ट १९७३ च्या भाग पाच-सी मध्ये आहे. १९९२ च्या दुरुस्तीने ते आलं. आरोग्यमंत्री एखाद्या गुणवत्ता उपक्रमाची रीतसर घोषणा करतात. मग त्या उपक्रमामुळे, आणि केवळ त्याच्यामुळेच, जी ओळख पटणारी माहिती कुणाला कळली, ती उघड करता येत नाही. कोर्टही ती मागू शकत नाही. जो फोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल्यमापन समितीवर सद्भावनेने काम करणाऱ्यांना दिवाणी दाव्यापासूनही संरक्षण असतं. हेतू उघड आहे: डॉक्टरांनी एकमेकांच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलावं.

याच्या मर्यादा मात्र नीट वाचा. कुणाचीही ओळख पटत नसेल अशी माहिती झाकलेली नसते, उलट तिचे निष्कर्ष बाहेर यावेत हीच अपेक्षा असते. संबंधित व्यक्तीने संमती दिली तर माहिती देता येते. गंभीर गुन्ह्याचा प्रश्न असेल तर मंत्री परवानगी देऊ शकतात. 'केवळ' या शब्दावर तर सगळं अवलंबून आहे. जी गोष्ट रुग्णाच्या केसपेपरवर आधीच आहे, ती समितीसमोर मांडली म्हणून गुप्त होत नाही. घोषणा कायमचीही नसते, पाच वर्षांनी नवी घ्यावी लागते.

असे उपक्रम म्हणजे उदाहरणार्थ सर्जन लोकांचं मृत्यू-ऑडिट. ते देशभर चालतं, त्यामागे कॉलेज उभं असतं. तुमच्या सहा डॉक्टरांच्या क्लिनिकमधली गुरुवारची लंच मीटिंग त्यात बसत नाही. एखादा उपक्रम घोषित आहे का हे बघायचं असेल तर फेडरल रजिस्टर ऑफ लेजिस्लेशनच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. घोषणा तिथे प्रसिद्ध होते. सापडली नाही तर संरक्षण नाही असंच धरून चाला. 'बहुतेक असेल' म्हणून पुढे जाऊ नका.

राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, जसे न्यू साउथ वेल्समध्ये हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट १९८२ आणि व्हिक्टोरियात हेल्थ सर्व्हिसेस ॲक्ट १९८८. पण त्यांचा रोख मुख्यतः रुग्णालयांच्या समित्यांवर आहे. रुग्णालयात काम करून जीपीत आलेल्या डॉक्टरांची इथेच गफलत होते. तिथल्या एम-अँड-एम मीटिंगचे (मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसवरची चर्चा) नियम इथेही लागू असतील असं ते गृहीत धरतात.

तिसरी पायरी: इन्सिडंट रजिस्टर असं लिहा की ते कुणीही वाचलं तरी चालेल

पाचव्या आवृत्तीतला क्यूआय ३.१ हा निकष सांगतो की क्लिनिकने थोडक्यात टळलेल्या आणि प्रत्यक्ष घडलेल्या चुका ओळखाव्यात, नोंदवाव्यात आणि त्यातून पद्धत सुधारावी. म्हणजे 'लिहूच नका' हा मार्ग बंद आहे. इन्सिडंट रजिस्टर, म्हणजे अशा घटनांची नोंदवही, कोरं असेल तर सर्व्हेयरला (ॲक्रेडिटेशनच्या तपासणीला येणाऱ्याला) पहिली शंका तिथेच येते. तीन वर्षांत एकही चूक न झालेलं क्लिनिक नसतं, चुका न लिहिणारं असतं.

तेव्हा तीन जागा मनात पक्क्या वेगळ्या ठेवा.

रुग्णाच्या रेकॉर्डमध्ये वैद्यकीय वस्तुस्थिती जाते, आणि ती पूर्ण जाते. काय झालं, कधी लक्षात आलं, रुग्णाला काय सांगितलं, पुढे काय ठरलं. रुग्णाला आपलं रेकॉर्ड मागण्याचा हक्क आहे, त्यामुळे इथे लपवाछपवीचा प्रश्नच नाही.

इन्सिडंट रजिस्टरमध्ये पद्धतीची गोष्ट जाते. शक्य तिथे नाव नाही, अंदाज नाही, दोषारोप नाही.

वकिलाचा किंवा इन्शुरन्सवाल्यांचा सल्ला घेण्यासाठी लिहिलेलं निवेदन तिसऱ्या जागी, स्वतंत्र फोल्डरमध्ये. ज्याचा मुख्य हेतूच कायदेशीर सल्ला किंवा संभाव्य खटला आहे, त्या कागदाला वकील-अशील गोपनीयता मिळू शकते. नेहमीच्या इन्सिडंट फॉर्मवर 'प्रिव्हिलेज्ड' असा शिक्का मारून ती मिळत नाही. फॉर्म ॲक्रेडिटेशनसाठी भरला असेल तर त्याचा हेतू तोच राहतो, शिक्का कितीही मोठा असला तरी.

एक नमुना बघा. प्रसंग काल्पनिक आहे, पण याची भावंडं प्रत्येक क्लिनिकमध्ये सापडतील. वाईट नोंद अशी: 'डॉ. अमुक नेहमीप्रमाणे रिझल्ट बघायला विसरले. पेशंटचं निदान लांबलं. आपलं नशीब की त्यांनी तक्रार केली नाही.' यात तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही घातक. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे क्लिनिकला हे आधीपासून माहीत होतं. 'निदान लांबलं' हा वैद्यकीय निष्कर्ष, जो लिहिणाऱ्याने काढायचा नव्हता. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

तीच गोष्ट नीट लिहिली तर: 'लॅबचा रिपोर्ट १२ तारखेला सिस्टिममध्ये आला. संबंधित डॉक्टर ११ ते १८ रजेवर. त्यांचा इनबॉक्स दुसऱ्या कुणाकडे वळवलेला नव्हता. १९ ला रिपोर्ट पाहिला, त्याच दिवशी रुग्णाला फोन, २० ला अपॉइंटमेंट. बदल: रजेचा अर्ज मंजूर करतानाच इनबॉक्स कुणाकडे जाणार ते नाव भरणं सक्तीचं. जबाबदारी: प्रॅक्टिस मॅनेजर. तीन महिन्यांनी तपासणी.' हे कोर्टात वाचलं गेलं तरी क्लिनिकची बाजू पडत नाही. इथे काम करणाऱ्यांनी काय केलं ते दिसतं.

रिपोर्टच्या पाठपुराव्याबद्दल इथली कोर्टं कडक आहेत. १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात एका सर्जनविरुद्धचा खटला गाजला. स्तनातल्या गाठीचा सुईने घेतलेला नमुना तपासायला गेला, रिपोर्टमध्ये कॅन्सर होता, तो सर्जनच्या नजरेखालून गेलाच नाही आणि रुग्णही परत आली नाही. रुग्णाने फोन करून विचारायला हवं होतं, हा बचाव टिकला नाही. 'पेशंट स्वतःच येईल की' ही आपली सवय इथे ठेवायची नाही.

आणि व्हॉट्सॲप. क्लिनिकच्या ग्रुपवर 'त्या ४ नंबरवाल्या काकूंचं काय झालं' ही चर्चा कुठल्याच संरक्षणात येत नाही. ती मागवली जाऊ शकते, आणि वर रुग्णाच्या गोपनीयतेचा भंगही होतो. मराठीत लिहिलं म्हणून सुटका नाही, भाषांतरकार मिळतात.

तक्रार आल्यावर जुन्या नोंदीत बदल तर अजिबात करू नका. बेस्ट प्रॅक्टिस किंवा मेडिकल डायरेक्टरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कुणी, कधी बदलली याचा माग राहतो. काही राहिलं असेल तर आजची तारीख घालून नवी नोंद करा आणि उशिरा लिहितोय असं स्पष्ट म्हणा.

लसीच्या फ्रीजचं उदाहरण

सोमवारी सकाळी नर्स लसींचा फ्रीज बघते. मर्यादा २ ते ८ अंश सेल्सिअस. पडद्यावर कमाल तापमान ११ दिसतंय. लस भरताना दार उघडं राहिल्यामुळे तापमान १२ अंशांपर्यंत, जास्तीत जास्त १५ मिनिटं गेलं तर राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे ते चालतं. डेटा लॉगर (तापमान सतत नोंदवणारं यंत्र) मात्र सांगतोय की ते शनिवारी दुपारपासून चार तास वर होतं.

आता क्रम असा. लसी फेकायच्या नाहीत, 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून योग्य तापमानात बाजूला ठेवायच्या. लॉगरची फाइल जशीच्या तशी जतन करायची. राज्याच्या आरोग्य विभागाला कळवायचं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागायचं. त्या काळानंतर कुणाला लस दिली गेली असेल तर यादी काढायची. तापमानाच्या तक्त्यात खरा आकडा लिहायचा. सर्व्हेयर तक्ता आणि लॉगर शेजारी ठेवून बघतात, आणि रोज दोनदा न चुकता '५' लिहिलेला तक्ता ११ आकड्याच्या तक्त्यापेक्षा जास्त संशयास्पद असतो. रजिस्टरमधली नोंद वरच्या नमुन्याप्रमाणे. यातला एकही कागद कायद्याने गुप्त नाही, पण त्यांच्यामुळेच तुम्ही वेळेवर पावलं उचलली हे दाखवता येतं.

चौथी पायरी: रुग्णाला सांगणं आणि माफी मागणं

क्यूआय ३.२ हा निकष चूक झाल्यावर रुग्णाशी मोकळेपणाने बोलायला सांगतो. याची राष्ट्रीय चौकट २०१३ ची आहे. 'सॉरी म्हणालो म्हणजे कबुली दिली' ही भीती आपल्या हाडीमासी भिनलेली. इथे प्रत्येक राज्यात माफीला काही ना काही कायदेशीर आडोसा आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये सिव्हिल लायबिलिटी ॲक्ट २००२ प्रमाणे माफी ही जबाबदारीची कबुली ठरत नाही आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही, अगदी त्या माफीत चूक मान्य केलेली असली तरी. व्हिक्टोरियात राँग्ज ॲक्ट १९५८ चं संरक्षण खेद व्यक्त करण्याला आहे, दोष स्पष्टपणे कबूल केलेल्या वाक्याला नाही. सिडनीहून मेलबर्नला बदलून आलात तर एवढा फरक लक्षात ठेवा. दोन्हीकडे चालेल असं बोलणं म्हणजे: 'हे तुमच्या बाबतीत घडलं याचं मला फार वाईट वाटतं. आत्तापर्यंत आम्हाला एवढं माहीत आहे. बाकीचं शोधतोय, आणि शुक्रवारी मी स्वतः तुम्हाला फोन करीन.' शुक्रवारी फोन करायचा. अनेक तक्रारी मूळ चुकीमुळे होत नाहीत, न आलेल्या त्या फोनमुळे होतात.

पाचवी पायरी: सर्व्हेयर रेकॉर्ड बघणार, त्याची तयारी

तपासणीला किमान दोन जण येतात, त्यातला एक जीपी असतो. ते नमुन्यादाखल रुग्णांची रेकॉर्ड उघडतात. त्यांचा तपासणी संस्थेशी गोपनीयतेचा करार असतो. पण करार म्हणजे कायदा नाही, कोर्टाचा आदेश त्याच्या वरचा.

प्रायव्हसी ॲक्ट १९८८ प्रत्येक खासगी आरोग्यसेवा देणाऱ्याला लागू आहे, एका डॉक्टरच्या क्लिनिकलासुद्धा. उपचारासाठी घेतलेली माहिती गुणवत्तेच्या कामासाठी वापरायची असेल तर तो वापर उपचाराशी थेट संबंधित आणि रुग्णाला अपेक्षित असा असायला हवा, नाहीतर संमती हवी. म्हणून नव्या रुग्णाच्या फॉर्मवर आणि प्रायव्हसी पॉलिसीत साध्या इंग्रजीत लिहिलेलं हवं की ॲक्रेडिटेशनसाठी अधिकृत व्यक्ती रेकॉर्ड बघू शकतात आणि ओळख काढून टाकलेली आकडेवारी प्रायमरी हेल्थ नेटवर्ककडे (त्या भागातल्या प्राथमिक आरोग्यसेवेचा समन्वय करणाऱ्या संस्थेकडे) जाते. ज्याला हे नको त्याला तसं सांगता आलं पाहिजे, आणि रिसेप्शनवर ते नोंदवायचं कसं हे ठाऊक हवं. ती पॉलिसी दुसऱ्या क्लिनिकवरून उतरवली असेल तर निदान त्यांचं नाव तरी काढा. हे मी बघितलेलं आहे.

सहावी पायरी: विम्याचे दोन कागद

तुमचा वैयक्तिक इंडेम्निटी विमा (कामातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा) नोंदणीसाठी सक्तीचाच आहे. पण इथे पुष्कळ जीपी क्लिनिकचे नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. डॉक्टरचा विमा डॉक्टरला. रिसेप्शनिस्टने निरोप पोचवला नाही, नर्सकडून रिकॉल (रुग्णाला परत बोलावणं) राहिला, तर दावा क्लिनिकच्या कंपनीवर येतो, आणि तिचा वेगळा विमा लागतो. रुजू होताना विचारा: कंपनीच्या नावे पॉलिसी आहे का, आणि ती नोंदणी संस्थेची चौकशी, प्रायव्हसी भंग हे धरते का? अव्हंट, एमडीए नॅशनल, एमआयपीएस, एमआयजीए यांपैकी जी तुमची असेल तिच्या सल्ला-फोनचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. मोठी गोष्ट घडली तर लांबलचक निवेदन लिहायच्या आधी तिथे फोन करा, नंतर नाही.

सहकाऱ्याबद्दल काही लक्षात आलं तर

नॅशनल लॉप्रमाणे (आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा) काही गोष्टी आहप्राला, म्हणजे ती नोंदणी सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, कळवणं सक्तीचं आहे: नशेत काम करणं, लैंगिक गैरवर्तन, आजारपणामुळे रुग्णांना धोका, मान्य पद्धतीपासून मोठी फारकत. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये यंत्रणा थोडी वेगळी आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला कलम २३७ चं संरक्षण आहे, बदनामीच्या दाव्यापासूनसुद्धा. एक अपवाद आपल्या विषयाशी जोडलेला आहे. कायद्याने गोपनीयता बांधलेल्या गुणवत्ता समितीवर काम करताना ती गोष्ट कळली असेल तर हे बंधन लागू होत नाही. तुमची टीम मीटिंग ही तशी समिती नाही. 'मीटिंगमधलं मीटिंगमध्येच' म्हणून गप्प बसलात तर तुमच्यावरच येईल.

शेवटची पायरी: सबपिना हातात पडला तर

एखाद्या दुपारी कोर्टाचा सबपिना, म्हणजे कागद हजर करण्याचा आदेश, येतो. त्यात रुग्णाची फाइल आणि 'संबंधित सर्व इन्सिडंट रिपोर्ट' मागितलेले असतात. काहीही डिलीट करू नका, फाइलवरची हाताने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा जागेवर राहू द्या. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि कॅनबेरात प्रौढांचं रेकॉर्ड शेवटच्या नोंदीपासून सात वर्षं आणि लहान मुलांचं ते पंचवीस वर्षांचे होईपर्यंत ठेवावंच लागतं. तारीख बघा, त्याच दिवशी इन्शुरन्सवाल्यांना कळवा. मागितलंय तेवढंच द्यायचं, आणि वकिलाच्या ऑफिसला नाही तर कोर्टाच्या रजिस्ट्रीला. एखाद्या कागदावर प्रिव्हिलेज आहे असं वाटत असेल तर तो दावा कागद देण्याआधी करायचा असतो: तो कागद बंद पाकिटात वेगळा ठेवा, यादीत त्याचा उल्लेख करा, आणि हरकत कशी नोंदवायची ते वकिलाला ठरवू द्या. समोरच्याने एकदा तो वाचला की नंतरची हरकत फारशी कामाची राहत नाही.